दुसऱ्या बाजूचा खोकला

हे तुम्हांला पटणार नाही. पटू नयेच. गेल्या सेहेचाळीस वर्षांत ते कुणाला पटलेलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. जॅझच्या रेकॉर्डी जमवणाऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाच्या कपाटात एक फिकट निळ्या कव्हरची तबकडी असते. स्टुडिओत नव्हे, भरल्या सभागृहात लोकांसमोर घेतलेली. तिच्या दुसऱ्या बाजूचा तिसरा तुकडा संथ आहे, दुपारी डोळा लागता लागता काहीतरी आठवावं इतका संथ. त्यात एका ठिकाणी ट्रम्पेट थांबतो, पियानो थांबतो, ड्रमवाला ब्रश उचलून धरतो, एकटा खर्जातला बास चालत राहतो, आणि मग तोही, जिना उतरताना पाय अधांतरी धरून थांबावं तसा थांबतो. त्या शांततेत एक माणूस खोकतो. तो मी. खोकला काही मोठा नाही. बराच वेळ घशात अडवून धरलेला आणि शेवटी सुटलेला, एकच. पण पुढे जे होतं त्यासाठी लोक ती तबकडी शोधत फिरतात. बासवाला त्या खोकल्याला उत्तर देतो. दोनच सूर, खालचे, जाडजूड, 'बरं बरं, ऐकलं' म्हटल्यासारखे. सभागृह हसतं, पियानोवाल्याचं बोट हसता हसता भलत्याच पट्टीवर पडतं, आणि तिथून तो तुकडा जो सुटतो तो पुन्हा घरी येतच नाही. मंचावर चार जण होते असं कव्हरवर छापलंय, ते चूक आहे. पाच होते. पाचवा तेराव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसला होता, आणि त्याचं वाद्य घसा हे होतं.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगितली. मी चष्मेवाला. चाळीस वर्षं मी लोकांना एका डोळ्यावर पुठ्ठा धरायला लावून दुसऱ्या डोळ्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, आणि त्या अवस्थेत माणसाला उठून जाता येत नाही. गोष्ट वयात येते तशी तिच्या अंगावर मांस चढतं. पहिल्या वर्षी मी नुसता खोकलो होतो. दहाव्या वर्षी बासवाल्यानं मला वाकून सलाम केला होता. विसाव्या वर्षी मध्यंतरात ट्रम्पेटवाला खाली येऊन माझ्या हातात खोकल्याची गोळी ठेवून गेला होता, आणि ती मी चघळली नव्हती, जपून ठेवली होती; मुंग्यांनी नेली म्हणून दाखवता येत नव्हती. ऐकणारे अक्षरं वाचता वाचता हसायचे आणि खालची ओळ चुकायचे. फक्त माझी लेक, तेव्हा सहा-सात वर्षांची, रेकॉर्डशी कान नेऊन म्हणाली होती, "बाबा, तुम्ही खोकलात की शेजारचे जागे होतात. हा तर मांजराच्या पिल्लासारखा आहे." मी तिला सांगितलं की तरुणपणी माणसाचा खोकलाही सडपातळ असतो.

तर गेल्या गुरुवारी मी त्या तबकडीतून नाहीसा झालो. झालं असं की माझी जुनी प्रत आता वाजत नाही. म्हणजे सगळी वाजते, फक्त तेवढीच जागा वाजत नाही. येईल त्या पाहुण्याला ऐकवायला मी नेमकी तिथंच सुई टेकवायचो; कधी एका संध्याकाळी चार चारदा. चांगल्या तबकडीला असं वागवू नये हे मला कळत होतं, ओरखडे तर मला तोंडावर कसाई म्हणायचे. ओरखडे म्हणजे आमचे जुन्या रेकॉर्डींचे दुकानदार. खरं आडनाव काय ते त्यांच्या बायकोलाच ठाऊक असेल. विकायच्या प्रत्येक तबकडीबद्दल 'एक ओरखडा दाखवा' असं आव्हान देतात म्हणून पडलेलं नाव. माझ्या बढाईनं माझा खोकला झिजला. आधी त्यावर खरखर चढली, मग तो खरखरीच्या आड गेला, आणि वर्षभरापूर्वी सुई तिथून थेट पुढच्या वळणावर उडी मारायला लागली. म्हणून ओरखड्यांनी फोन करून सांगितलं की निळी पुन्हा निघाली आहे, मूळ फितीवरून, जाड तबकडीवर, तेव्हा मी चप्पल उलटी घालून निघालो. दुकानात त्यांनी ती माझ्यासाठी गल्ल्याखाली दडवून ठेवली होती. कव्हरच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आधुनिक पद्धतीने सर्व अनावश्यक आवाज काढून टाकले आहेत. मी ते वाचलं. वाचून मला बरं वाटलं. माणूस किती गाढव असू शकतो. अनावश्यक म्हणजे दुसरे, असंच प्रत्येकाला वाटतं.

घरी बायको खिडकीशी तिच्या खुर्चीत होती. मी पारदर्शक कागद नखानं चिरला, नव्या तबकडीचा तो औषधासारखा वास आला, दिव्याखाली धरून ती तिरपी केली, काळं पाणी हलावं तशी चमक तिच्यावरून फिरली. दुसरी बाजू लावली. अहाहा. खोटं कशाला बोलू, ट्रम्पेटवाल्याच्या ओठांची ओल ऐकू येत होती. ड्रमवाल्याचे ब्रश कातड्यावर असे फिरत होते की कुणीतरी शेजारच्या खोलीत फरशी पुसतंय. तिसरा तुकडा आला, एकेक जण बाजूला झाला, बास एकटा राहिला, थांबला. मी बायकोकडे पाहून भुवया उडवल्या, सवयीनं. आणि मग काहीच झालं नाही. शांतता होती, पण माणसांनी भरलेल्या जागेतली नव्हे. कुणी ओलं फडकं मारून गेल्यावर टेबल दिसतं तशी. त्या शांततेतून ते दोन सूर आले. 'बरं बरं, ऐकलं.' काय ऐकलं? कुणाचं? हसूसुद्धा त्यांनी पार विरळ केलं होतं, लांब कुठे पानं हलावीत तसं. मी तीनदा ऐकलं. मग माझं जुनं भिंग काढून डोळ्याला लावलं. जुन्या तबकडीवर तो खोकला मी कितीदा पाहिला होता: शांततेच्या गुळगुळीत रेघेत एक छोटासा आचका, लिहिताना कुणी कोपर ढकलल्यासारखा. नवीवर रेघ सरळ होती. मी खुर्चीत बसलो. "अगं," मी म्हणालो, "मला काढून टाकलं." बायको माझ्याकडे पाहून गोड हसली आणि म्हणाली, "हो."

हा 'हो' काय आहे ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर अडलेलं आहे. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी ती मोजे घालायला वाकली आणि सरळ होताना तिची उजवी बाजू तिच्याबरोबर आली नाही. दवाखान्यातून परत आली तेव्हा पाय थोडा ओढत होती, उजवा हात मांडीवर पाहुण्यासारखा बसून होता, आणि बोलणं गेलं होतं. गेलं होतं म्हणजे एक शब्द सोडून. जेवतेस? हो. दुखतंय? हो. दुखत नाही ना? हो. आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवणारी बाई येते, मऊ आवाजाची, चित्रांचे पत्ते घेऊन. सफरचंद दाखवते आणि विचारते, हा हत्ती आहे का? माझी बायको तिच्याकडे मायेनं पाहते आणि म्हणते, हो. बाई मला बाहेर सांगते की काका, त्यांना आत किती कळतंय ते या घडीला सांगता येणार नाही. कळूनही शब्द सापडत नसेल, किंवा कळतच नसेल. एकदा 'नाही' आलं की मला धागा मिळेल. मी मान डोलावतो. बाईला काय माहीत ती कुणाकडून 'नाही' मागते आहे. जिच्या तोंडून होकार काढायला मला सात फेऱ्या माराव्या लागल्या तिच्याकडून.

ती रेकॉर्डच्या कारखान्यात होती. तिथं वरच्या मजल्यावर बुचाच्या भिंतींची एक लांबट खोली होती, आणि तिच्यात ओळीनं सहा बायका कानांना यंत्रं लावून बसायच्या. छापून आलेल्या प्रत्येक ढिगातली एक तबकडी त्यांनी अथपासून इतिपर्यंत ऐकायची. संगीत नाही, दोष. टिक आली की पेन्सिल धरलेल्या हाताचं बोट वर, मग चिठ्ठीवर मिनिट, सेकंद, प्रकार. खाली सगळे त्यांना कानवाल्या म्हणायचे आणि थोडे वचकून असायचे. एकच बाजू दिवसातून नऊ नऊ वेळा ऐकूनही कोण वाजवतंय ते त्यांना सांगता यायचं नाही. कधी एखाद्या सभागृहात रेकॉर्डिंग असलं की एका कानवालीला तिकडे पाठवत. यंत्राशेजारी, सगळ्यांच्या मागे बसून तिनं बाहेरचे आवाज वेळेसकट टिपायचे, खुर्ची करकरली, दार वाजलं, कुणी शिंकलं. पुढे लग्नानंतर मी तिला म्हणायचो की फुकटात केवढं संगीत ऐकलंस, आणि ती म्हणायची, श्वास धरून बसावं लागतं हो तीन तास, त्यात कसलं आलंय ऐकणं. निळ्या तबकडीच्या संध्याकाळी कोणाला पाठवलं होतं हे मी मात्र कधी विचारलं नाही. तेराव्या रांगेबद्दल कुणाला जाब देण्याची मला हौस नव्हती.

कारण, आता तुमच्यापाशी बोलायला हरकत नाही, मी त्या सभागृहात नव्हतो. तिकिटं संपली होती. मी इमारतीला वळसा घालून मागच्या लोखंडी जिन्यावर चढलो, आग लागली तर पळायला असतो तो जिना, आणि हवेसाठी ठेवलेल्या झडपेला कान लावून दोन तास उभा राहिलो. लोखंड इतकं गार होतं की कान चिकटेल असं वाटत होतं. ट्रम्पेट बराच कळत होता, पियानो अर्धा, बास मात्र भिंतीतून सरळ छातीत येत होता. तो एकटा उरला ते मी ऐकलं. थांबला ते ऐकलं. मग ते दोन सूर, आणि आत माणसं हसली. का हसली? मला जिन्यावर काहीच कळलं नाही. आत काहीतरी गमतीचं, जिव्हाळ्याचं झालं होतं आणि ते सगळ्यांना मिळालं होतं आणि मी बाहेर होतो. सात महिने ते हसू माझ्या डोक्यात होतं. तबकडी बाजारात आली त्या दिवशी विकत घेतली, तिसऱ्या तुकड्याशी पोचलो, आणि तेव्हा कुठे कळलं: कुणीतरी खोकलं होतं. एवढंच. इतक्या साध्या गोष्टीनं मला भडभडून आलं. म्हणून गुरुवारी नवी तबकडी ऐकताना जे झालं ते लेकीला सांगून कळलं नसतं. खोकला निघून गेल्यावर उरलं ते नेमकं जिन्यावर ऐकू आलं होतं तेच. मला पुन्हा बाहेर नेऊन उभं केलं होतं, आणि या वेळी बायको आत होती, त्या 'हो'च्या आत, आणि झडपेतून मला काही कळत नव्हतं.

तेव्हा, सेहेचाळीस वर्षांपूर्वी, मी ती तबकडी घेऊन कारखान्याच्या तक्रारखिडकीवर गेलो. कशाला गेलो? कुणी खोकलं ते मला हवं होतं. दर गुरुवारी पाळीनं एक कानवाली तिथं बसायची, त्या दिवशी ही होती. मी म्हणालो, यात खोकला आहे. तिनं वही काढली, दुसरी बाजू, तिसरा तुकडा, बोट फिरवत नेलं आणि म्हणाली, "दोष नाही, असं लिहिलंय." मी म्हणालो, अहो, ढळढळीत खोकला आहे, लहान मूल सांगेल. तिचे कान लाल झाले. चेहरा तसाच, मख्ख, सरकारी, पण कान असे लाल झाले की मला भलतंच वाईट वाटलं. वाटलं आपण हिला अडचणीत आणलं. म्हणून मी म्हणालो, "तक्रार नाही हो माझी. तो खोकला माझाच आहे. माफी मागायला आलोय." तिनं माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल हवेत थांबली. चांगला ट्रम्पेटचा एक श्वास संपेल इतका वेळ ती पाहत राहिली आणि मग म्हणाली, "बरं." बस्स. मी खाली रस्त्यावर आलो तेव्हा मला उडता येत होतं. ते लाल कान माझ्यासाठी होते याबद्दल माझ्या मनात आजतागायत शंका नाही.

पुढच्या गुरुवारी मी दुसरी तबकडी नेली आणि सांगितलं की हिच्यात टिक आहे. तिनं मला आत बसवलं, कानांना यंत्र लावलं, अख्खी बाजू ऐकली, मी तिच्या मानेवरचे बारीक केस पाहत राहिलो, आणि यंत्र काढून ती म्हणाली, "खोटं." रागानं नाही. शिक्का मारावा तसं. त्याच्या पुढच्या गुरुवारी खरखर. "खोटं." मग आवाज मागेपुढे होतो. "खोटं." सातव्या गुरुवारी तिनं विचारलं की घरी रेकॉर्डी आहेत किती, म्हणजे मला अंदाज येईल. मी म्हणालो, दोनशे. ती म्हणाली, खोटं. आणि एकतीस निघाल्या तेव्हा आमचं लग्न झालेलं होतं. तेव्हापासून हा शब्द आमच्या घराचा खांब होता. मी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना सांगायचो की जन्मलो तो लिफ्टमध्ये, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, खोटं. तोंडात टाचण्या धरून म्हणायची. कूस बदलताना अर्धवट झोपेत म्हणायची. लेकीला 'आई', 'बाबा' यानंतर आलेला शब्द तोच. मी जॅझ लावायचो, ती शिवण घेऊन बसायची, मी म्हणायचो काय सुंदर वळला बघ इथं, आणि ती मान वर न करता उजव्या हाताचं बोट उचलायची: टिक. त्यावरून आम्ही किती भांडलो. आम्ही दोघं मिळून एकच तबकडी ऐकायचो, मी तिच्यातलं संगीत आणि ती उरलेलं सगळं, आणि दोन्ही मिळून ती पुरी व्हायची. फक्त निळ्या तबकडीची गोष्ट सुरू झाली की ती काही बोलायची नाही. उठून पाणी आणायला जायची. सगळी खोटी पकडणाऱ्या बाईनं एक खोटं माझ्यासाठी मोकळं सोडलं होतं. मी तिला कधी विचारलं नाही का. असल्या भेटवस्तूचा कागद उलगडायचा नसतो.

लेक त्या रविवारी तिला घेऊन जाणार होती. वाईट नाही हो माझी लेक. तिच्याकडे सकाळच्या उन्हाची खोली आहे, दिवसभराची नर्स ठरवली आहे, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले आहेत. मी अठ्ठ्याहत्तरचा, दोनदा गोळ्या द्यायच्या विसरलो आणि एकदा स्वतःच न्हाणीघरात आडवा झालो. तुम्ही पण चला म्हणाली असती, पण जावयाच्या दोन खोल्यांत मी आणि माझ्या अकराशे तबकड्या कुठे राहणार. आणि पायऱ्या उतरून रोज तिकडे जायचं म्हटलं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात. लेकीनं आईचा हात धरून सरळ विचारलं होतं, आई, माझ्याकडे येतेस ना राहायला? आई म्हणाली, हो. मी म्हणालो, अगं, ती सगळ्यालाच हो म्हणते, तो होकार नाही. लेक म्हणाली, "मग एकदा नाही म्हणू दे तिला, बाबा. एकदाच. मी बॅग परत माळ्यावर टाकते."

म्हणून शुक्रवारी आणि शनिवारी मी जन्मात बोललो नसेन इतकं खोटं बोललो. सकाळी तिचे केस विंचरताना सांगितलं की खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी अंडं घातलं. हो. आपली ओळख पाणबुडीत झाली. हो. तुझी शिवण मी शिवायचो आणि तू चष्मे विकायचीस. हो. मी पुरावे ढिले ठेवत होतो, मुद्दाम वाक्यात भोकं पाडत होतो, तिला बोट घालता यावं म्हणून. ती हसून ऐकत होती. पूर्वी ती माझ्याकडे कधी अशी पाहत नसे, आणि मला ते पाहणं सहन होईना. खोटं बोलणाऱ्याला पलीकडे भिंत लागते. चेंडू परत आला नाही तर तो खेळ राहत नाही, नुसतं फेकणं राहतं. शनिवारी दुपारी माझ्या तोंडून निघून गेलं की आपल्याला तीन मुली. हो, ती म्हणाली, आणि दाराकडे पाहिलं, बाकीच्या दोघी येताहेत का म्हणून. "एकच गं," मी तिचा हात धरून म्हणालो, "एकच आहे, एकच." हो, ती म्हणाली. त्या संध्याकाळी चहात मी विसरून साखर घातली नाही आणि तिनं कप डाव्या हातानं दोन बोटं लांब सरकवला. सरकवला, खरंच सरकवला. मी धावत जाऊन लेकीला फोन केला. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली की मागच्या आठवड्यात तुम्ही सांगितलंत आई जिना उतरून पेपर घेऊन आली. तिचा आवाज थकलेला होता. "बाबा, तुमच्या शब्दावर मी आईला तिथं कशी ठेवू? तुम्हीच सांगा." आयुष्यात पहिल्यांदा मला खरं बोलायचं होतं आणि ते ठेवायला माझ्याकडे भांडंच नव्हतं.

रविवारी लेक अकराला आली. मोठी बॅग पलंगावर उघडून तिनं आईचे लोकरीचे कपडे घडी करायला घेतले. घडी करण्याची पद्धत हुबेहूब आईची, हनुवटीखाली धरून. मी म्हणालो, जाण्याआधी तिला एक बाजू ऐकवतो. वीस मिनिटं. लेक म्हणाली, ऐकवा ना बाबा, त्यात विचारायचं काय. मी नवी निळी लावली. जुनी लावली असती तर त्या जागी सुईनं उडी मारली असती, आणि तिच्या जाण्याच्या दिवशी मला उडी नको होती. खरं म्हणजे मला काही नको होतं. मी तिच्या पायांशी बैठकीवर बसलो, तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून घेतला, आणि ट्रम्पेट सुरू झाल्यावर नेहमीची गोष्ट सुरू केली, हळू आवाजात, अगदी जुन्या चालीवर. त्या संध्याकाळी थंडी कशी होती. मी नवा कोट कसा घातला होता. हो. तेरावी रांग, कडेची खुर्ची. हो. शेजारी एक जाडा माणूस होता आणि तो टोपी मांडीवर धरून रडत होता. हो. लेक औषधांची पाकिटं दिवसांप्रमाणे लावत होती, पण तिचे हात सावकाश झाले होते. ही गोष्ट ऐकतच ती मोठी झाली आहे. तिसरा तुकडा आला. ट्रम्पेट बाजूला झाला. पियानो बाजूला झाला. ब्रश उचलले गेले. बास एकेक पायरी उतरत आला आणि पाय अधांतरी धरून थांबला, आणि ती स्वच्छ, पुसलेली, निर्जीव शांतता खोलीत पसरली.

तिचं बोट वर गेलं.

उजवं नाही, उजवा हात माझ्या खांद्यावर तसाच जड होता. डावं. मांडीवरून निघालं आणि छातीपर्यंत वर येऊन ताठ उभं राहिलं, नसलेली पेन्सिल धरून. ते दोन सूर पडले, लांब पानं हलली, पियानोवाल्याचं बोट चुकलं, आणि तिचं बोट तसंच वर. लेक पाकीट हातात धरून उभी होती. "काय झालं बाबा? काय दाखवतेय ती?" मी म्हणालो, तिथं माझा खोकला होता ना, तो त्यांनी काढून टाकलाय, तो दोष आहे, बरोबर आहे तिचं. एवढ्यावर मला थांबता आलं असतं. पण जीभ सवयीची, आणि घाबरलेला माणूस ओळखीच्या वाटेनंच पळतो. "बासवाल्यानं वाकून सलाम केला होता मला," मी म्हणालो. "मध्यंतरात ट्रम्पेटवाला खाली आला, म्हणाला, काय खोकलात, आणि माझ्या हातात गोळी—"

"खोटं," ती म्हणाली.

तबकडी फिरत होती. लेकीच्या हातातलं पाकीट बॅगेत जाता जाता राहिलं, आणि मग ती ते तसंच छातीशी धरून आईसमोर जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी मांडी घालून. मी वर पाहिलं. ती पूर्वीसारखी बघत होती, मख्ख, सरकारी, खिडकीपलीकडून. लेकीनं अगदी हळू विचारलं, "काय खोटं, आई? गोळी?"

तिचे ओठ शब्द शोधत राहिले. एक यायचा आणि दारातून परत जायचा. मला तिच्या मदतीला धावायचं होतं, चार शब्द पुढे करायचे होते, हा घे, तो घे, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो. तेवढ्यात मला दिसलं की तिचे कान लाल झाले आहेत. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ते डावं बोट तिनं हळूहळू खाली आणलं, आणि माझ्याकडे रोखलं नाही, स्वतःकडे वळवलं.

"माझा," ती म्हणाली. "खोकला माझा."